हात धुता न आलेली मनकर्णा

मनकर्णाच्या घरी पाणी एकदा वापरून टाकून द्यायची पद्धतच नव्हती. हात धुवायचे ते परातीत, आणि परातीतलं पाणी शेळीपुढं. आंघोळ खाटेवर बसून, खाली घंगाळ ठेवून. घंगाळातल्या पाण्यात धुणं, आणि धुण्याचं पाणी दारातल्या लिंबाला. पाटोदा तालुक्यातलं हे माळावरचं गाव. सत्त्याऐंशी साली तिथं विहिरीत झरा नव्हता, टँकर येऊन ओतून जाई तेवढंच पाणी. आई भिवराबाई पाण्याच्या बाबतीत भलती कडक. लहानपणी मनकर्णाच्या हातून एकदा कळशी लवंडली तेव्हा भिवराबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग स्वतःच चुलीपाशी रडत बसली.

पोरगी मात्र हुशार निघाली. दहावीला चांगले मार्क पडले आणि तिनं नर्स व्हायचं मनात घेतलं. बाप गहिनीनाथ तयार झाला, त्यालाही कारण होतं. आईबाप दोघं दर साली दसरा झाला की ऊसतोडीला जात, पार खाली कारखान्यांच्या मुलखात. तोडीवर एकट्या माणसाला कोण विचारतो? नवराबायकोची जोडी लागते, तिलाच एक कोयता म्हणतात. म्हणून पोरीचं लग्न दसऱ्याच्या आत उरकायचं आणि नव्या जोडीला टोळीबरोबर धाडायचं, ही गावाची रीत. नर्सच्या शाळेत नंबर लागला तर मनकर्णा कोयत्यातून सुटणार होती. नाही लागला तर स्थळ बघूनच ठेवलं होतं.

गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन बद्रीनाथराव म्हणाले, "मी सांगतो तिथं, काळजी करू नका." दुष्काळानं डेअरीत थेंबभर दूध येत नव्हतं, पण चेअरमन होते आणि त्यांचा शब्दही होता. गहिनीनाथ त्या शब्दावर पोरीला घेऊन एसटीत बसला.

शहरातल्या त्या शाळेत मुलाखतीला एक डॉक्टर होते, एक साहेब होते आणि पांढऱ्या टोपीच्या वयस्क सिस्टर. विचारलं ते सगळं मनकर्णानं सांगितलं. ताप आला तर काय करायचं, जुलाबाच्या पोराला काय पाजायचं, कुठं अडखळली नाही. डॉक्टर मान डोलवत होते. मग सिस्टरनी कोपऱ्यातल्या बेसिनकडं बोट केलं.

"पेशंटला हात लावायच्या आधी हात कसे धुशील, ते करून दाखव."

एवढं सोपं विचारतील असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं नळ सोडला आणि मनगटाएवढी धार धबाधबा खाली आली. तिनं घाबरून नळ बंद केला. बोटं ओली झाली होती, तेवढ्यावर साबण लावला, चोळला, मग दोऱ्यासारखी धार सोडून हात धुतले आणि तोटी आवळली. शेजारी एक पांढरा ट्रे पडला होता. तो तिनं केव्हा उचलून नळाखाली धरला, तिलाही कळलं नाही.

"हे कशाला?" सिस्टरनी विचारलं.

"पानी वाया जातंय, बाई. झाडाला घालता यील."

डॉक्टर खो खो हसले. सिस्टर हसल्या नाहीत. जवळ येऊन त्यांनी स्वतः हात धुऊन दाखवले. आधी तळवे, मग हातांच्या पाठी, मग बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट, थेट कोपरापर्यंत, आणि नळ सारखा चालू. "आता तू. नळ बंद करू नकोस." मनकर्णानं नळ सोडला. तळवे चोळले, आणि तिचा हात आपसूक तोटीवर गेला. सिस्टरनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच झालं. तिला तो हात तोडून टाकावासा वाटला.

"मुलगी चांगली आहे," सिस्टर डॉक्टरांना म्हणाल्या, "पण हिला हात धुता येत नाहीत. वॉर्डात ही पाणी वाचवील आणि बाळंतीण तापानं फणफणेल."

त्या खोटं बोलल्या असं मनकर्णाला तेव्हा वाटलं नाही आणि पुढंही कधी वाटलं नाही. दुखलं ते त्यामुळंच जास्त.

दुपारी एका कारकुनानं ओसरीवर येऊन निवडलेल्या मुलींची नावं वाचली. त्यात ती नव्हती. गहिनीनाथ एसटीत एवढंच बोलला, "बद्रीनाथरावांनी सांगितलं नसन." तिनं त्याला खरं सांगितलं नाही. खरं सांगितलं ते घरी, आईला. भिवराबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. विहिरीवर नेहमीची झोंबाझोंबी झाली. भिवराबाई कोपर सोलवटून घेऊन एक घागर भरून आली आणि ती आख्खी घागर तिनं मनकर्णाच्या पुढ्यात ठेवली.

"हात फुडं कर. म्या वतते, तू धू."

"कावून, आये?"

"फुडच्या साली परत जायचंय ना? शीक मंग."

भिवराबाई ओतायला लागली. खाली परात नव्हती, पाणी सरळ मातीत. मनकर्णानं तळवे चोळले, पाठी चोळल्या, आणि हात मागं घेतले. "पुरं, आये." "धू म्हन्ते ना." पुन्हा धार, पुन्हा मनकर्णाचे हात मागं. शेजारची साखराबाई गडग्यावरून बघत होती. ती म्हणाली, "भिवरे, लेकरांच्या घशात घालाया पानी न्हाई, अन् तू मातीत वतायलीस?"

भिवराबाईनं धार थांबवली. अर्धी घागर तिनं खाली ठेवली आणि ती तिथंच मटकन बसली. शेळी येऊन चिखल चाटू लागली. मायलेकी त्या ओल्या मातीकडं बघत राहिल्या. ती बघता बघता वाळली.

"म्याच शिकीवलं तुला," भिवराबाई म्हणाली. "आता कसं इसरायला लावू?"

पुढचं साल आलं, पण त्याआधी दसरा आला. मनकर्णा बापाला एकदाच म्हणाली, "आबा, एक डाव परत जाऊन येते." गहिनीनाथ वाईट माणूस नव्हता. त्यानं विडी पेटवली. मग म्हणाला, "जाशील, पर तिथं काय बदलनार हाय? आपलं गाव बदललंय का?" उत्तरेश्वराशी तिचं लग्न लागलं आणि हळदीच्या अंगानं ती टोळीबरोबर ट्रकात चढली.

सहकारी कारखान्यांच्या त्या मुलखात पाणी उतू जात होतं. उसाला पाटानं पाणी, गुरांना पाटानं पाणी, रस्त्यावरून वाहून जाणारंही पाणीच. पहिल्या दिवशी मनकर्णा पाटाच्या काठाला उभी राहिली आणि तिला त्या मुलखाचाच संताप आला. मग मुकादमानं हाक मारली आणि ती मोळ्या बांधायला गेली.

संध्याकाळी पाचटाच्या कोपीपुढं, खोपटापुढं बसली की ती हात चोळायची. तळवे, पाठी, बेचक्या, अंगठे, नखं, मनगट, कोपर. कोरडेच. पाट हाकेवर असताना कोरडेच.

"थंडी वाजती का गं?" उत्तरेश्वर विचारायचा.

"व्हय," ती म्हणायची. मुलाखतीचं तिनं त्याला जन्मात सांगितलं नाही. पोरं झाली, पोरांनी कोयते धरले, सुना आल्या, आणि सगळ्यांनी धरून चाललं की म्हातारीला थंडी सोसत नाही.

मग ते कोरोनाचं साल आलं. कारखान्यावरून परतलेल्या टोळ्यांना गावात घेईनात, शाळेत ठेवलं. एक तरुण नर्स आली, तोंडाला फडकं बांधलेली, मनकर्णाच्या पोरांच्या वयाची. शाळेच्या नळापाशी रांग लावून ती हात धुवायला शिकवू लागली. मनकर्णाचा नंबर आला. तिनं नळ सोडला, तळवे चोळले, हातांच्या पाठी चोळल्या, आणि उजवा हात तोटीवर गेला.

"मावशी, नळ बंद करू नका," नर्स वैतागून म्हणाली. सकाळपासून ती उन्हात उभी होती. "साधे हात धुता येत नाहीत का तुम्हाला?"

रांगेतली माणसं हसली. उत्तरेश्वरही हसला.

"न्हाई येत, बाई," मनकर्णा म्हणाली. "तवाच सांगितलं व्हतं त्यांनी मला."

कोणी, केव्हा, हे विचारायला नर्सला सवड नव्हती. मागं रांग खोळंबली होती. मनकर्णा पदराला हात पुसत बाजूला झाली आणि नळाच्या थेंबांखाली कुणी भांडं ठेवलंय का, ते बघू लागली.