पत्रकाच्या तळाशी

आमच्या घरात पत्रक खालून वर वाचायची रीत होती. अब्बा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते कामगारांच्या घरांसाठी मोर्चे काढणाऱ्या मंडळींत गेले. खोलीत पत्रकांचे गठ्ठे येऊन पडायचे आणि अम्मी आणि मी घड्या घालायला बसायचो. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं ओळखायला लागले ती "कामगार बंधू-भगिनींनो" या ठळक ओळीवरून. शाईचा वास बोटांना जेवतानाही यायचा.

दुसऱ्या कुणाचं पत्रक हातात आलं की अब्बा आधी तळाशी बघायचे. तिथे काढणाऱ्याचं नाव नसेल तर देणाऱ्याला तिथल्या तिथे परत करायचे.

"नाव कशाला लागतं?" मी एकदा विचारलं.

"पोलिसांना शोधत फिरायला नको म्हणून," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग म्हणाले, "खाली सही करायची छाती नाही, त्यानं वर गर्जना कशाला करावी?"

मी मोठी होऊन परळच्या एका मराठी शाळेत मराठी शिकवायला लागले. आमच्या शाळेत प्रत्येक शिक्षकाला आडनावानं हाक मारतात. अमुक सर, तमुक बाई. मला मात्र पहिल्या वर्षापासून "मराठीच्या बाई" म्हणतात. मुलं म्हणतात, पालक म्हणतात, शिपाईमामा म्हणतात. सुरुवातीला मला तो मान वाटला. शाळेत गणिताचे सर आहेत, विज्ञानाच्या बाई आहेत, पण त्यांना विषयानं कुणी हाक मारत नाही, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

फाटकाजवळ सुविचाराचा फळा आहे. तो लिहायचं काम मराठीच्या शिक्षकाकडे. कॅलेंडरमागचे सुविचार उतरवून मला कंटाळा आला, तेव्हा मी स्वतःच्या ओळी लिहायला लागले. शाळेपुढचं जुनं झाड टॉवरसाठी तोडलं त्या दिवशी लिहिलं होतं:

सावली गेली तरी
झाडाखालचा चहावाला
अजून तिथेच उभा राहतो,
सवयीने डोकं झाकून.

आया मुलांना सोडायला येत, फळ्याचे फोटो काढत आणि आपापल्या ग्रुपवर टाकत. सुविचाराखाली रेघ मारून तो ज्याचा असेल त्याचं नाव लिहायची पद्धत आहे. मी रेघ मारत नव्हते. शाळेचा फळा, शाळेच्या ओळी, असं मला तेव्हा वाटायचं.

गेल्या वर्षी पाचवीचा पट इतका घसरला की पुढच्या जूनमध्ये पाचवी उघडणार की नाही, यावर सगळं येऊन ठेपलं. मुंबईतल्या मराठी शाळांचे शिक्षक उन्हाळ्यात काय करतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. आम्ही दारोदार फिरतो. लालबागच्या चाळी, वरळीच्या बीडीडी चाळी, हिंदमाताच्या मागच्या इमारती. "ताई, तुमच्याकडे चौथी पास झालेलं कुणी आहे का?" असं विचारत जिने चढायचे. पाचवी नाही उघडली तर एक शिक्षक जास्त ठरतो, आणि सगळ्यात नवी मी.

म्हणून पत्रक काढायचं ठरलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला म्हणाल्या, "तूच लिही गं. तुझ्या हाताला ते वळण आहे." मी एका बैठकीत लिहिलं. वर चार ओळी टाकल्या:

आईनं हाक मारली तेव्हा
कुठल्या भाषेत वळलीस?
त्याच भाषेत आधी शिक, पोरी,
मग जा, जगात कुठेही जा.

तळाशी प्रवेशासाठी संपर्क, म्हणजे सगळ्या शिक्षकांची नावं आणि मोबाइल नंबर.

छापून गठ्ठा आला. मी दोरी सोडली आणि सवयीनं आधी तळाशी पाहिलं. गणिताचे सर होते, चित्रकलेच्या बाई होत्या, शिपाईमामाही होते. मी नव्हते.

मोठ्या बाईंच्या खोलीत गेले तर त्या आधीच उठून उभ्या राहिल्या.

"हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. मला त्यात काही नाही, तुला माहितेय. पण पालक कसे असतात... आणि सध्याचं वातावरण."

"मग सगळ्यांचीच नावं काढायची होती."

"अगं, मग फोन कुणाला करतील?"

"मग कविताही काढा."

"कविता राहू दे गं. छान झालीय." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वर्ग टिकला तर तूच टिकणार आहेस ना?"

त्यांच्या आवाजात खरी माया होती. ती मला अजून गिळता येत नाही. शिवी दिली असती तर मी उलट दिली असती. लहानपणापासून मी भांडायची भाषा शिकले. मालक, सरकार, दलाल, या सगळ्यांविरुद्ध घोषणा पाठ आहेत. खांद्यावर हात ठेवून तुम्हाला गाळणाऱ्या माणसाविरुद्ध आमच्या एकाही पत्रकात घोषणा नव्हती.

मी गठ्ठा उचलला आणि वाटायला निघाले. पाचवी उघडायला हवी होती. माझ्यासाठी हवी होती, आणि ज्यांना दुसरी शाळा परवडत नाही अशा दोन-चार पोरींसाठीही.

बरोबर गणिताचे सर होते. परळच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "आलात? काल तुमचा कागद सासूबाईंनी आणला. ते वर लिहिलंय ना, हाक मारली तेव्हा वळलीस... काटा आला हो अंगावर. माझ्या नणंदेला पण पाठवलं. कुणी लिहिलंय?"

"या काय, समोर उभ्या आहेत," सर म्हणाले. ते असेच आहेत, पटकन बोलतात.

"अय्या, तुम्ही? बसा ना. अगं, पाणी आण बाईंना. नाव काय तुमचं?"

मी नाव सांगितलं. नाव आणि आडनाव, दोन्ही.

त्यांचा मेथीवरचा हात थांबला, परत चालू झाला. "हां... पण किती छान बोलता हो मराठी. वाटतच नाही अजिबात."

"मी मराठीच शिकवते," मी म्हटलं.

"हो, हो, तेच." आतून त्यांची मुलगी पाण्याचे ग्लास घेऊन आली आणि माझ्याकडे बघून हसली. चौथी झालेली असणार, तेवढीच होती. बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "हिचं ना, इंग्लिश मीडियमला झालंय. आधीच झालंय."

जिना उतरताना सर दोन पायऱ्या पुढे होते. मागे न वळता म्हणाले, "खरंच झालं असेल हो तिचं आधीच."

"असेल."

"हल्ली सगळे तिकडेच घालतात."

"हो, सर. असेल."

मला ते कधीच कळणार नाही. तो दरवाजा माझ्या नावामुळे बंद झाला, की माझ्या भाषेमुळे? ज्या भाषेत मी कविता लिहिते ती भाषा इथल्या लोकांना आपल्या मुलांसाठी नकोय, आणि त्या भाषेत मी लिहिते याचं मात्र त्यांना आश्चर्य वाटतं. या दोन्हींच्या मध्ये मी उभी आहे आणि मला धड रागावायलाही जागा मिळत नाही.

जूनमध्ये पाचवी उघडली नाही. माझं नाव गाळून शाळेनं जे वाचवायचं ठरवलं होतं, ते वाचलं नाही. अतिरिक्त शिक्षकांच्या यादीत माझं पूर्ण नाव छापून आलं, एकही चूक नव्हती. दुसरी शाळा मिळेपर्यंत रोज इथेच येऊन बसायचं, सही करायची. फळा आता चित्रकलेच्या बाई लिहितात, कॅलेंडरवरून.

उरलेली पत्रकं मी घरी आणली होती. अम्मीला मांडणीवर डब्यांखाली अंथरायला कागद हवेच होते. परवा ती डबे काढून मांडणी पुसत होती, तेव्हा अब्बांनी एक पत्रक उचललं. खिडकीपाशी नेलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि आधी तळाशी पाहिलं. एकेका नावावर बोट ठेवत गेले. शेवटपर्यंत जाऊन परत पहिल्या नावाशी आले. मग वरचं वाचलं, चार ओळींसकट. सगळं वाचलं.

"हे तू लिहिलंयस."

"हो."

मी वाट बघत होते की ते ओरडतील. तरुणपणी गिरणीच्या गेटवर ओरडायचे तसे. त्यांनी पत्रकाची घडी घातली, आम्ही घालायचो तशीच, कडेला कड लावून, नखानं दाबून. आणि ते माझ्यासमोर धरलं, नाव नसलेलं पत्रक देणाऱ्याला परत करायचे तसं.

मी घेतलं. अम्मीनं मांडणीवर हळदीचा डबा ठेवायला कागद मागितला, तोच तिला दिला.