एका टायमाला एकच

बरं झालेलं मशीन मुद्दाम पुन्हा आजारी पाडणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमचे सिस्टीमवाले सर. घनसावंगी रस्त्यावरच्या साखर कारखान्यात सर्व्हर त्यांच्याकडे होता आणि वजनकाट्याच्या पावत्या माझ्याकडे.

हंगाम भरात आला की सर्व्हर रडायला लागायचा. पावती निघेना, उसाच्या गाड्यांची रांग पार फाटकाबाहेर. सर मात्र एकच सेटिंग बदलून दिवसभर नुसते बघत बसायचे. "एका टायमाला एकच," हे त्यांचं ठरलेलं. एकदा मॅनेजरांनी डोक्यावर उभं राहून सगळ्या सेटिंग्ज एकदम बदलून घेतल्या. मेमरी शिल्लक असतानाच डिस्ककडे पळायची मशीनची खोड कमी केली, एका वेळी किती कनेक्शन घ्यायची ती मर्यादा वाढवली, असंच आणखी काही. पावत्या भराभर निघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळं होतं तसं करून ठेवलं! मला म्हणाले, "बरं झालं म्याडम, पण कशानं झालं ते कुठं कळलं?" ट्रॅक्टरवाल्यांनी त्यांचा यथेच्छ उद्धार केला. मीही चिडले होते.

मग त्यांच्या पत्नी वारल्या. पुण्याची लेक म्हणाली, नोकरी सोडा, अंबडचं घर विका, माझ्याकडे चला. सर मला म्हणाले, "आत्ता कुठं एक बदल झाला, त्योच सोसून राह्यलो. समदं एकदम बदललं तर कशानं दुखून राह्यलं, ते तरी कळंल का?" डबा ते सर्व्हरच्या खोलीतच खायचे, एकटे. "पंख्यांचा आवाज असतो, बरं वाटतं," म्हणायचे. ती खोली राहावी, एवढंच त्यांना हवं होतं.

ती राहिली नाही. कारखान्याचं सगळं काम बाहेरच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर गेलं. सरांनी आपल्या हातानं मशीन बंद केलं आणि थोड्याच दिवसांत घर विकून ते पुण्याला गेले.

परवा मी फोन केला. करमतं का, विचारलं. "लेक-जावई कामावर. घर बिलकुल शांत हाय," म्हणाले. मी आपलं ठोकून दिलं, "सर, इथं गाड्या अडकल्यात. पावतीच निघत नाही. तुम्ही पाहिजे होता."

"खोटं बोलून राह्यल्या म्याडम," ते म्हणाले. "नवं मशीन जोरातच असंल. पण बोला तुम्ही, आयकून राह्यलो मी."