लोकरीचा उरलेला गुंडा

काल पेटी उघडली तेव्हा डांबरगोळ्यांच्या वासात एक तपकिरी लोकरीचा गुंडा हाती लागला आणि सोनगीरच्या घरातली ती थंडी आठवली. वडील धुळ्याच्या दवाखान्यात होते, आजाराने फार वाळले होते. भेटायला गेलो की म्हणायचे, "घर गऊ का स्वेटर घाली देखसू, मंग समजी मी कितला उरनू." आईने ते ऐकले आणि माझ्या हाती एक दोरा दिला. वडील झोपले आहेत असे पाहून मी तो त्यांच्या छातीभोवती फिरवला आणि मापावर गाठ मारून आणला. जुन्या मापापेक्षा तो वीतभर कमी भरला.  आईने वडिलांचा जुना स्वेटर गळ्यापासून उसवायला घेतला आणि मी पुढे धरलेल्या दोन्ही हातांवर लोकर गुंडाळत गेली. धाग्याच्या वळ्या जाईनात, म्हणून तिने लड धुतली आणि खाली पाण्याचा तांब्या बांधून दोरीवर टांगली. वडील घरी आले तेव्हा नव्या मापाचा स्वेटर विणून तयार होता; तोच रंग, तीच वीण, तीच बटणे. त्यांनी स्वेटर घातला, तो अंगाला नेमका बसला; त्यांनी छातीवरून हात फिरवला. "देखा, बरोबर बसना," आई म्हणाली. ते हसले. चहा झाल्यावर हळूच म्हणाले, "उरेल लोकर फेकू नको. मी परत भरसू, तव्हय लागी." आई कपबशा उचलून आत गेली. ती लोकर कधी लागली नाही. काल गुंडा तोलून पाहिला, ऐंशी ग्रॅम भरला. मग नव्या डांबरगोळ्या घालून तो होता तिथेच ठेवला.