नवरीची गाडी थांबवत नसतात

आर्णीला माझ्या सासरी लग्नाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "सुनेच्या बापानं अशी गाडी देल्ली, का नवरी आली ट्रॅक्टरच्या मागं ओढत!" सगळे हसतात. मीही चहा ओतता ओतता हसते. आतून असा जाळ होतो, की काय सांगू!

ती गाडी माझ्या बाबांची. कळंबला कचेरीत कारकुनी करून त्यांनी जुनीच घेतलेली, पण जीव केवढा! आमच्या घरी देवाआधी गाडीची पूजा व्हायची. सकाळी इंजिन थंड असतानाच ऑइलची पट्टी काढायची, फाटक्या बनियनच्या फडक्यानं पुसायची, परत घालायची, परत काढून पाहायची. ऑइल दोन खुणांच्या मधात पाहिजे म्हणजे पाहिजे. मला गाडी शिकवली तेव्हा स्टिअरिंगच्या आधी हेच शिकवलं. वर ताकीद दिली, "किल्ली फिरवली की हा लाल लाइट लागते, इंजिन चालू झालं की विझते. चालत्या गाडीत लागला, तर मले फोन करत बसू नको. गाडी बाजूले घे अन् किल्ली बंद कर. ऑइलचं प्रेशर गेलं तर जुनं इंजिन दम धरत नाही."

लग्नात सासरच्यांची गाडी वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी भरून गेली, म्हणून माझ्या पाठवणीला बाबांची गाडी द्यायचं ठरलं. चालवायला ह्यांचा मावसभाऊ. कन्यादानात बाबांनी माझा हात हातात घेतला, तर त्यांच्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ. नवं धोतर नेसून, वऱ्हाड दारात असताना, पट्टी काढून पाहिली होती या माणसानं! मला रडता रडता हसू आलं.

आर्णीच्या अलीकडे गाडी पांदणीत वळली. सासरच्यांचा देव शेतात, बाभळीखाली. सुनेनं आधी त्याच्या पाया पडायचं, मग घरात पाऊल. पांदण म्हणजे बैलगाड्यांची वाट, मधोमध दगड. एका ठिकाणी खालून ठण्णकन आवाज आला. "काही नाही," म्हणत भाऊजींनी गाडी तशीच दामटली. पाया पडून आम्ही परत डांबरी रस्त्याला लागलो, अन् समोर लाल लाइट.

"भाऊजी, गाडी थांबवा. ऑइलचा लाइट लागला."

"वहिनी, जुनी गाडी हाये. लाइट लागतच राह्यतेत."

"अहो, खाली दगड लागला ना मघाशी! इंजिनाखालचा चेंबर फुटला असंल, सगळं ऑइल सांडून राह्यलं. बंद करा आधी!"

पाठराखीण म्हणून आलेल्या माझ्या आत्यानं मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "गप बस. नवरीची गाडी मधात थांबवत नसतेत. अपशकुन होते."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. माझा शेला ह्यांच्या उपरण्याला गाठ मारलेला, मांडीवर ओटीचा नारळ, कपाळावर मुंडावळ्या. उडी मारणार होते का मी? भाऊजींनी गाण्याचा आवाज वाढवला. त्या गाण्याखाली इंजिनाची टकटक सुरू झालेली मला ऐकू येत होती. गाडी गेली तर सासरच्या दारात बाबांची शोभा होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. "थांबवा हो, पाया पडते तुमच्या," मी म्हणाले. आत्या म्हणाली, पोरीला माहेर आठवून राह्यलं. टकटकीची खडखड झाली, आणि गावची घरं दिसायला लागली तिथंच इंजिन जाम. थांबलीच शेवटी नवरीची गाडी. मधातच.

तिथून ट्रॅक्टरला बांधून आम्हाला गाडीसकट दारापर्यंत ओढत नेलं. दुसऱ्या दिवशी बाबा मिस्त्रीला घेऊन आले. सासरच्या अंगणात वाकून त्यांनी चेंबरची चीर पाहिली, बोटानं त्यातली माती काढली. मिस्त्रीनं नुसती मान हलवली. इंजिन गेलं होतं. बाबांनी हळूच विचारलं, "लाइट लागलता?"

"लागलता बाबा. मी किती ओरडले..."

"बरं."

तेवढ्यात सासरे बाहेर आले. मागं भाऊजी, मोबाइलमध्ये तोंड घालून. "काय व्याहीबुवा," सासरे म्हणाले, "खटाराच धाडला जी तुम्ही! ट्रॅक्टरनं ओढत नवरी आणा लागली."

मी पदर सावरून पुढं झाले. "मामंजी, बाबांनी तर लग्नाच्या सकाळीच..."

बाबांनी माझं मनगट घट्ट दाबलं. "गप. तुले इथं राहाचं हाये." एवढंच, माझ्यापुरतं.

मग मोठ्यानं म्हणाले, "चुकलं व्याहीबुवा. लग्नाच्या घाईत ऑइल पाहाचं राहूनच गेलं." आणि त्यांनी हात जोडले. जोडलेल्या हातांच्या अंगठ्याच्या नखात ती काळी रेघ अजून तशीच होती.