तालात बसलेला खोकला

चतुर्थीला माळ्यावरून मातीचं घुमट, बाबांचं वाद्य, खाली काढलं की कातड्याच्या वासाने ती दुपार आठवते. मांद्र्यात आमच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या डीजेने बाबांसमोर माइक ठेवला आणि आरतीचा ताल धरायला सांगितलं. वाजवता वाजवता बाबा खोकले. "तो खोकलो काढून उडय हां," ते ओशाळून म्हणाले. "आसूं दी काका, तालात बसता," तो हसला. पावसाआधी बाबा गेले. पुढच्या मोसमात किनाऱ्यावरच्या संध्याकाळच्या पार्टीत तोच ताल मोठ्या स्पीकरांतून घुमला. दर आवर्तनाला बाबा खोकत होते आणि लोक त्यावर उड्या मारत होते. तेव्हा राग आला होता, पण आज त्या नाचणाऱ्यांवर राग धरवत नाही. बाबा होते तेव्हा घरात तो खोकला ऐकू आला की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.