मुकादम मावशीचा आवाज

मी सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जी चूक सांगणार आहे ती या शिक्षणाच्या जोरावरच माझ्या हातून झाली, म्हणून सांगावं लागतं.

आमचं गाव तासगावच्या बाजूला. गावाबाहेर बेदाण्याची शेड आहे. आई गेली नऊ वर्षं तिथं बेदाणा निवडायला जाते. अकरा बायकांची टोळी. लांब टेबलावर बेदाणा ओतायचा आणि त्यातला काळा, डागी, काडी राहिलेला बाजूला काढायचा. निवडताना आई टेबलाकडं बघतसुद्धा नाही असं वाटतं. बोटं चालू असतात आणि ती शेजारणीशी बोलत असते.

टोळीची मुकादम आमच्या आळीतलीच. तिला मी मावशी म्हणते, नात्यानं ती आमची कुणी नाही. उद्या कुणी यायचं, टेम्पो किती वाजता, हे सगळं ती ठरवते आणि फोनवर बोलून पाठवते, कारण लिहायला तिला वेळ लागतो. बारावीनंतर आई मला शेडवर न्यायचं म्हणत होती. तेव्हा मावशी म्हणाली, "हिला न्हाई घेणार. टेबलावर जागा न्हाई." जागा होती. दोन बायका नुकत्याच लग्न होऊन गेल्या होत्या. मी कॉलेजात गेले ती त्या एका खोट्यामुळं.

वडील साताऱ्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं होते. तयार माल डोळ्यांनी तपासून पेटीत भरायचा, एवढंच काम. मागच्या वर्षी त्या लाईनवर माल तपासणारे कॅमेरे बसले आणि ठेकेदारानं माणसं कमी केली. वडील घरी आले. मग घर आणि माझं हॉस्टेल, दोन्ही आईच्या शेडवर आलं.

त्याच हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. गावात दोन गट पहिल्यापासून आहेत, पण लग्नाला, मयताला सगळे एक असायचे. आमच्या वॉर्डात एका पॅनेलकडून माझी सख्खी काकू उभी राहिली, दुसऱ्या पॅनेलकडून मुकादम मावशी. आईच्या टोळीत दोन्हीकडच्या बायका होत्या. त्या एकमेकींना चिडवायच्या आणि एकाच डब्यातलं खायच्या.

काका एका रविवारी म्हणाले, "तू एआय का काय ते शिकतीस न्हवं? त्यात दुसऱ्याचा आवाज काढता येतो म्हणं. तुला येतंय का?"

येत होतं. माझ्या प्रवेशाच्या वेळी काका दिवसभर माझ्याबरोबर सांगलीत रांगेत उभे होते, ऊन लागून त्यांना चक्कर आली होती. घरात पहिल्यांदा कुणीतरी मला असं काम सांगत होतं जे फक्त मला येत होतं. नाही म्हणायला हवं होतं. मी 'बघते' म्हणाले.

आईच्या फोनमध्ये मावशीनं पाठवलेले आवाज भरपूर होते, ते मी एआयला दिले. काकांनी वाक्यं सांगितली. "मी निवडून आले की शेडवर फक्त आमच्या गटाच्या बायका. बाकीच्यांनी घरात बसून भाकऱ्या थापाव्यात." मी हसत हसत टाईप केलं. पहिल्यांदा आवाज मावशीचा आला, पण बोलणं बातम्या वाचणाऱ्या बाईसारखं वाटलं. मग मी मावशी बोलते तसं लिहिलं. 'आहे'चं 'हाय' केलं, 'नाही'चं 'न्हाई' केलं. तिची मध्येच दम घ्यायची सवयसुद्धा घातली.

काकांनी ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "आयला! ती हितं बसलीय का काय? लय भारी गं पोरी!"

"घरातच ठेवा हं काका, गंमत म्हणून."

"व्हय व्हय."

संध्याकाळपर्यंत ते गावाच्या ग्रुपवर होतं.

मावशी थोड्या मतांनी पडली. काकू निवडून आली. नंतरच्या सोमवारपासून शेडवर जायला एकाऐवजी दोन टेम्पो झाले, एक मावशीकडच्या बायकांचा, एक आमच्याकडच्यांचा. आई दुसऱ्या टेम्पोतून जायला लागली. शेडवर दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसायच्या. मी शनिवारी घरी आले की आई एकच सांगायची, "मला तोंडावर म्हणाली असती तर चाललं असतं गं. माघारी आसलं बोलली." मी ऐकून घ्यायचे आणि ताट धुवायला उठायचे. तीन महिने मी ताट धुवायलाच उठत होते.

मग शेडमालकानं मशीन आणलं. पट्ट्यावरून बेदाणा जातो, वरून कॅमेरा बघतो, आणि खराब दाणा आला की हवेचा झोत त्याला फुस्सकन उडवून लावतो. मशीन बसवायला आलेल्या माणसानं आधी दोन आठवडे बायकांकडून चांगल्या आणि वाईट दाण्यांची वेगवेगळी ताटं करून घेतली, कॅमेऱ्याला ओळख व्हावी म्हणून. सगळ्यात जास्त ताटं आईनं केली. तिला वाटलं, नवीन मशीन आलंय, माल वाढंल, काम वाढंल.

मालकानं मावशीला सांगितलं, "आता शेवटची नजर टाकायला चार बायका बास. कोण चार, ते सोमवारी तू सांग."

हे गावात पसरलं आणि आमच्या बाजूच्या बायका म्हणाल्या, आता बघा, ती क्लिपमधलं खरं करून दाखवणार. वडील मला म्हणाले, "आईचं काम गेलंच म्हणून समज. एक वर्ष कॉलेज थांबवावं लागंल. मग बघू." ते हळू बोलले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

शनिवारी एसटीत बसून मी हिशेब करत होते. खोटं बोलणार नाही, तो स्वतःपुरताच होता. सांगितलं नाही तर मावशी आईला गटामुळं काढेल. सांगितलं तर तिला काढायला खरंच कारण मिळेल. दोन्हीकडं आईच जाणार होती.

रविवारी सकाळी आई भाकरी बांधत होती. रविवारीही शेड चालू असते. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. आईनं फडक्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"तू केलंस?"

"काकांनी सांगितलं. पण केलं मी."

"आन् मी तीन महिने तिच्याशी बोलले न्हाई." तिनं पायात चप्पल घातली. "चल. तिला तू सांग. मी न्हाई सांगणार."

शेडमध्ये मावशी मशीनजवळ उभी होती. बाकीच्या बायका ऐकत होत्या. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. शेवटी एवढं म्हणाले, "मावशी, ते तुमी बोलला न्हवता. मी केलं."

मावशी पाटावर बसली.

"तुला म्हाईत हाय का, मला काय वाटलं?" ती म्हणाली. "मला वाटलं, रागाच्या भरात मीच कवातरी बोलले आसंल आन् कुणीतरी गुपचूप रेकॉर्ड केलं. आवाज माझाच, दम खाणं माझंच. पोरगा इचारायचा, आई बोललीस का गं? मी म्हणायची, आठवत न्हाई रं. माझ्याच तोंडावर माझा इश्वास ऱ्हायला न्हाई."

मी रडले. ती म्हणाली, "रडू नगंस, बेदाणा वला हुईल." दोन बायका हसल्या.

"आईला काढू नका," मी म्हणाले. "चूक माझी हाय."

"तुझ्या आईला का काढू? तिनं काय केलं?" मावशीचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझ्या आवाजात सांगितलंस न्हवं? आता तुझ्या आवाजात सांग. त्याच ग्रुपवर. आत्ता."

मी शेडच्या मागं, जिथं रिकामे क्रेट रचलेले असतात, तिथं जाऊन बोलत राहिले. किती वेळा पुसलं, मोजलं नाही. शेवटी जे पाठवलं त्यातही मी मध्येच अडखळले होते. काकांचं नाव घेतलं नाही, फक्त 'घरातल्या सांगण्यावरून' म्हणाले. गावाला कळायला तेवढं पुरलं. काकांचा फोन आला. "घरातलं घरात ठेवता आलं न्हाई तुला? शिकवलं ते ह्यासाठी?" त्यांचंही काही खोटं नव्हतं. मला शिकवण्यात त्यांचा वाटा होता. आजही ते माझ्याशी बोलत नाहीत. काकू मात्र दोन दिवसांनी मागच्या परड्यातल्या दारातून आली आणि आईला म्हणाली, "मला न्हवतं वो म्हाईत." आईनं तिला बसायला पाट दिला.

सोमवारी मावशीनं चार नावं सांगितलीच नाहीत. सगळ्या अकराजणींच्या पाळ्या लावल्या, कॅनॉलचं पाणी पाळीनं घेतात तशा. रोज चारजणी, आलटून पालटून, स्वतःसकट.

मालक म्हणाला, "मी चार म्हणलं होतं."

"चारच येतील. रोज येगळ्या."

"रोज नवीन बाई आली तर मशीनचं कसं जमायचं?"

"मशीनला दाणा कुणी वळकायला शिकवलं? आमीच न्हवं? मग आमाला मशीन वळकायला कितीसा येळ लागतोय?"

मालक हसला. तो वाईट माणूस नाही. हवा दमट असली की दाणे एकमेकांना चिकटतात, मशीनला काडी दिसत नाही आणि मग त्याला सगळ्या अकराजणी लागतात, हे त्यालाही माहीत होतं.

या वाटणीनं सगळ्या खूश झाल्या असं नाही. प्रत्येकीचे दिवस निम्म्याहून कमी झाले. तिघीजणी सोडून द्राक्षबागांच्या कामाला गेल्या. आईही शेड नसेल त्या दिवशी बागेत विरळणीला, वेलीवरची जादा फूट आणि मणी काढायला, जाते. वडील गावातल्याच एका पोल्ट्रीवर लागले. चौघींसाठी दोन टेम्पो कोण आणणार, म्हणून एकच येतो. पहिले काही दिवस त्यात कुणी बोलत नव्हतं म्हणे. माझं कॉलेज थांबलं नाही. पुढं काय होईल, मला माहीत नाही. वर्गात आम्ही जे शिकतो त्यातूनच वडिलांच्या लाईनवरचे कॅमेरे झाले, आणि शेडवरचं मशीनही. हे कळूनही मला तो विषय आवडतो, आणि हे कुणाला सांगावं ते समजत नाही.

आईला मी विचारलं, मावशीनं मला माफ केलं का? आई म्हणाली, "तुझ्यावरचा राग हाय अजून. पण तुझ्यापाशी ठेवलाय, माझ्यावर काढला न्हाई." माझ्यासाठी एवढं खूप होतं. ज्या बाईला मी गावासमोर वाईट ठरवलं, तिनं माझ्या आईला टेबलावर बसवून ठेवलं. तिनं आईला काढलं असतं तरी गावानं तिला नावं ठेवली नसती.

गेल्या महिन्यात आईचा विसरलेला चष्मा द्यायला शेडवर गेले होते. मावशीनं स्वतःहून हाक मारली. "आसलं करू नये, हे तुमच्या कॉलेजात शिकवत्यात का?"

"एक तास आहे त्याच्यावर. पण पुस्तकातलं सांगतात."

"मग मला बोलव. मी सांगती."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण पुढच्या शनिवारी तिनं पुन्हा विचारलं, "इचारलंस का बाईंना?" मी आमच्या मॅडमना विचारलं. काय घडलं ते सगळं सांगावं लागलं. मॅडम म्हणाल्या, "येऊ देत त्यांना, मी वर्ग लावते."

येत्या गुरुवारी मावशी सांगलीला येणार आहे, आई तिच्याबरोबर. दोघींच्या त्या दिवशीच्या पाळ्या मावशीनं आधीच बदलून घेतल्या आहेत. तिनं मला एक अट घातली आहे, मी पहिल्या बाकावर बसायचं आणि खाली बघायचं नाही.