मालकिणीचा सूड

आमच्या मामांनी आयुष्यात कोणालाच माफ केलं नाही. टोकावड्याच्या एका ढाबेवाल्यानं गंमत म्हणून टिटवीला दगड मारलेला त्यांनी पाहिला. त्यानंतर माळशेजकडे जाताना कितीही तलफ आली तरी त्याच्याकडचा चहा म्हणून ते प्यायले नाहीत. वर ढाब्यासमोर मुद्दाम गाडी हळू करून त्याच्याकडे रोखून बघायचे. त्या बापड्याला कारण शेवटपर्यंत कळलं नाही. मी एकदा म्हटलं, सांगून तरी टाका त्याला. तर म्हणाले, "सांगितला का राग निम्मा होतो गो."

मुरबाडला त्यांचा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, साखरपुडे आणि नाक्यानाक्यावर लागतात ते अभिनंदनाचे फ्लेक्स. मी तिथंच शिकले आणि तिथंच कामाला राहिले. हिवाळा लागला की मात्र मामांचं दुकानात लक्ष नसायचं. डोळखांबच्या बाजूला धरणाचं पाणी ओसरतं, चिखल उघडा पडतो, आणि तुतवार, चिखल्या, शेकाटे असे लांबून आलेले पक्षी त्यात किडे टिपत फिरतात. त्यांच्या मागावर एक बहिरी ससाणा यायचा. मादी होती. गालावरच्या पांढऱ्या डागावरून मामा तिला दरवर्षी ओळखायचे आणि मालकीण म्हणायचे.

पोतं पांघरून ते चिखलात पालथे पडून राहायचे. मालकीण वरून सुटली की अख्खा थवा एका दमात उठायचा, वळायचा, फुटायचा. बहुतेक वेळा तिला काहीच मिळायचं नाही. मामा तेही फोटो जपून ठेवायचे. म्हणायचे, "ती उपाशी जाते, पण चोरी नाय करत."

चोरी केली ती कल्याणकडून येणाऱ्या एका साहेबानं. लेन्स एवढी मोठी, की उचलायला माणूस लागावा. धीर मात्र गव्हाच्या दाण्याएवढाही नाही. एका सकाळी तो पलीकडच्या काठावर हातात तुतवार धरून वाकलेला दिसला. मामांना वाटलं, अडकलेला पक्षी सोडवतोय. कौतुकानं त्यांनी त्याचे फोटो काढले. सोडवत कसला! मेल्यानं त्याच्या पायाला तंगूस बांधला होता, मासे धरायचा नायलॉनचा दोरा, आणि दुसरं टोक खुंटीला. मालकीण आयत्या घासावर उतरली. साहेबाला हवा तो फोटो मिळाला. तंगूस तिच्या पायात गुरफटला, तिनं हिसके दिले, आणि सुटली तेव्हा तिचा एक पाय लोंबत होता. मामा ओरडत पाण्याला वळसा घालून पोचेपर्यंत साहेबाची गाडी निघून गेली होती.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता टाकते हे फोटो सगळ्या ग्रुपवर. मामांनी माझा मोबाईल काढून घेतला. "थांब. पावणी जमल्याबिगर लग्नाचा फोटो काढतात का?"

पाहुणे जमले. साहेबाच्या त्या फोटोला मोठं बक्षीस मिळालं, आणि किन्हवलीच्या त्याच्या सासुरवाडीनं जंगी सत्कार ठरवला. फ्लेक्सचं काम आमच्याकडेच आलं, कारण पंचक्रोशीत फ्लेक्स म्हणजे आमचेच मामा. त्यांनी इतकं मन लावून कुठल्या आमदाराचाही फ्लेक्स केला नव्हता. वर 'हार्दिक अभिनंदन', डावीकडे बक्षीस मिळालेला फोटो, उजवीकडे खुंटी, तंगूस आणि वाकलेला साहेब, तोंडासकट. खाली शुभेच्छुक: समस्त तुतवार मित्रमंडळ, चिखल्या बंधू, शेकाटे परिवार, टिटवी महिला मंडळ. गुंडाळी आम्ही ऐन वेळी पोचवली. पोरांनी न बघता ती स्टेजमागं बांधली आणि सोडली.

आधी लोक हसले. मग उजवीकडचा फोटो त्यांना कळला, आणि हसू थांबलं. सासरे हार हातात घेऊन तसेच उभे. पुढं बक्षीसही काढून घेतलं म्हणे. बरं झालं! मला तर त्या रात्री पुरणपोळी करावीशी वाटली. मामा घरी येऊन नेहमीसारखे जेवले आणि झोपले.

पुढच्या हिवाळ्यात मालकीण आली नाही. मामा रोज जाऊन पोत्याखाली पडायचे. तुतवार निवांत चरत असायचे, त्यांना उठवणारं कोणी नव्हतं. गारठा छातीत भरला, मामांनी अंथरूण धरलं. एकदा छताकडे बघत म्हणाले, "सूड झाला गो. पण तिला कुठं कळलं?"

त्याच आठवड्यात साहेब दारात. खंगलेला, हात जोडलेले. मी दार लावणार होते, पण मामांनी त्याला आत बोलावलं आणि मला चहा करायला लावला. त्याचा कप रिकामा झाल्यावर म्हणाले, "मी कोण माफ करणारा? चिखलात जाऊन बस. ती आली तर तिच्याकडं माग."

मामा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

साहेब आता दर हिवाळ्यात येतो. कॅमेरा आणत नाही. काठावर उकिडवा बसून आभाळाकडे बघत राहतो. नजर अधू झालीय त्याची, घारीलाही दचकून उठतो आणि मग माझ्याकडे बघतो, हीच का म्हणून. मी मामांचं पोतं पांघरून थोड्या अंतरावर पडलेली असते. माझ्याकडे चहाचा थर्मास असतो, त्याला मी विचारत नाही. ती अजून आलेली नाही. आणि आलीच, तरी त्याला बोट करून दाखवायला मी काही तिथं बसलेली नाही.